आईचा जुना फोन नव्या राउटरला जोडला जात नाही, कुठलं सेटिंग बदलू?

माहेरवाशीण | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मिरजेला आईकडे आले आहे आणि तीन दिवस एकाच गोष्टीपाशी अडकले आहे. जाणकारांनी कृपया मदत करा.

गुरुवारी इंटरनेट कंपनीचा मुलगा आला आणि फायबरचा जुना डबा काढून नवा बसवून गेला. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले, म्हणजे घरात कुणाला काही करावं लागू नये. माझा फोन, वहिनीचा फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळं जोडलं गेलं. राहिला तो फक्त आईचा फोन.

तिचा फोन २०१८ मध्ये घेतलेला, अँड्रॉइड ८. वायफायच्या यादीत घराचं नाव दिसतं, त्यापुढे कुलूप दिसतं, रेंजही भरपूर आहे. नावावर बोट ठेवलं की ‘कनेक्टिंग’ येतं, चार-पाच सेकंदांत जातं आणि नुसतं ‘सेव्ह्ड’ उरतं. पुन्हा बोट ठेवलं की पुन्हा तेच. कंपनीला फोन केला. त्यांनी तिकडून लाइन तपासली आणि सांगितलं, नेट व्यवस्थित आहे, तुमच्या फोनमध्ये दोष आहे.

आमचं घर जुनं दगडी आहे. माजघरात मोबाइलची रेंज येतच नाही, तिथे वायफायच लागतं. पंधरा दिवसांपूर्वी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दादा मस्कतला असतो. तो रोज रात्री व्हिडिओ कॉलवर तिचा डोळा बघतो, थेंब घातले का विचारतो. गुरुवारपासून ते माझ्या फोनवरून चाललंय, आणि मी पुढच्या रविवारी पुण्याला परतणार. त्याआधी हे सुटायला हवं.

शेवगा | रविवार, रात्री १०.०५

आधी सोप्या गोष्टी. फोनमध्ये त्या नावावर दाबून धरा, ‘फर्गेट’ करा आणि पासवर्ड नव्याने टाका. टाकताना ‘शो पासवर्ड’वर खूण करा. शेवटी नकळत एक स्पेस पडते, ती दिसत नाही. फोन आणि राउटर दोन्ही एकदा बंद करून चालू करा. त्याने नाही झालं तर फोनचं ‘नेटवर्क सेटिंग्ज रिसेट’ करा.

माहेरवाशीण | रविवार, रात्री १०.२०

शेवगा, हे सगळं झालं. फर्गेट चार वेळा केलं. पासवर्ड अक्षर अन् अक्षर तपासून टाकला. नेटवर्क रिसेटही शुक्रवारी केलं. फरक शून्य.

ओसरी | रविवार, रात्री १०.३२

राउटरचा पासवर्डच काढून टाका ना. घर स्वतंत्र आहे, आजूबाजूला ओळखीचीच माणसं असतील. सात-आठ वर्षांचा फोन आहे, तो तरी किती दिवस चालणार? पुढे नवा घेतलात की पासवर्ड परत लावा.

सानपाडा_ते_सासवड | रविवार, रात्री १०.५८

ओसरी, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला कुणीही मानू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

२००८ मध्ये मी सानपाड्याला राहत होतो. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या थोडंसं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. त्या ई-मेलच्या आयपी ॲड्रेसचा माग काढत तपास पथक आलं ते आमच्याच भागात, एका अमेरिकन गृहस्थांच्या फ्लॅटवर. त्यांचं वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. तपासात ते स्पष्ट झालं, पण तोवर त्यांचे संगणक जप्त, चौकश्या, वर्तमानपत्रांत नाव. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधत रस्त्यांवर फिरायची मोहीम काढली, ती या अनुभवानंतर.

आयपी ॲड्रेस कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्यापर्यंत जातो. पलीकडे फोन कुणाच्या हातात होता ते त्यातून दिसत नाही. मिरजेसारख्या ठिकाणी ओळखीची माणसं असली तरी वायफाय भिंतीबाहेर रस्त्यावर जातंच. ताई, एका रात्रीपुरतासुद्धा पासवर्ड काढू नका.

माहेरवाशीण | रविवार, रात्री ११.१५

काढणार नाही. वडील गेल्यापासून कनेक्शन आईच्या नावावर आहे, त्यामुळे हे वाचून अंगावर काटाच आला.

नव्या फोनबद्दल सांगते. पैशाचा प्रश्न नाही, दादा दोनदा पाठवायला निघाला होता. आईने हा फोन दोन वर्षं घालवून शिकलाय. हिरवं बटण कुठे, भजनं कुठे, फोटो मोठा कसा करायचा, हे तिच्या अंगठ्याला पाठ आहे. आत्ता एका डोळ्यावर काळा चष्मा असतानाही ती तो चाचपून वापरते. नवा फोन हातात दिला तर ती फोन वापरणंच सोडून देईल. काकूंच्या बाबतीत तसंच झालंय. त्यामुळे जे काही बदलायचं ते राउटरमध्ये.

तारजोड | सोमवार, सकाळी ७.१०

ताई, काळजी करू नका, हे सुटण्यासारखं आहे. मी कोल्हापूर भागात १६ वर्षं नेटवर्क जोडणीचं काम करतो. राउटर बदलल्यावर एकट्या जुन्या फोनचं अडणं आता दर महिन्याला दोन-तीनदा बघतो. ‘फोन खराब आहे’ म्हणून लोक चांगले फोन टाकून देतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

फोन कुठल्या पायरीवर थांबतो ते आधी बघायचं. वायफाय जोडताना चार गोष्टी घडतात. पहिली, फोनला नाव दिसतं. दुसरी, फोन राउटरला म्हणतो, ‘मला आत घे, मला अमुक प्रकारची सुरक्षा येते.’ राउटरला ती पटली तर होकार देतो. तिसरी, दोघं पासवर्डची खात्री करतात. पासवर्ड हवेतून जात नाही. चार निरोपांची देवाणघेवाण होते आणि त्यावरून दोघांना कळतं की समोरच्याकडे तोच पासवर्ड आहे. चौथी, राउटर फोनला आयपी ॲड्रेस देतो.

पासवर्ड चुकला तर बहुतेक फोन ‘ऑथेंटिकेशन’ची तक्रार करतात किंवा पासवर्ड तपासा म्हणतात. चौथ्या पायरीवर अडलं तर ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ असं बराच वेळ दिसतं. तुमच्याकडे दोन्ही नाही. नुसतं ‘कनेक्टिंग’ आणि लगेच ‘सेव्ह्ड’. म्हणजे मला वाटतं गाडी दुसऱ्या पायरीवरूनच परत येते आहे, पासवर्डपर्यंत पोहोचतच नाहीये. म्हणूनच तो कितीही वेळा टाकला तरी फरक पडत नाही.

खात्रीसाठी एक करा. तुमच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करा. त्याच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी ‘डब्ल्यूपीए२-पर्सनल’ ठेवा, ‘डब्ल्यूपीए३’ नको. (डब्ल्यूपीए म्हणजे वायफायच्या सुरक्षेची पद्धत, २ जुनी, ३ नवी.) पट्टा, म्हणजे वायफायच्या लहरींचा गट, २.४ गिगाहर्ट्झ ठेवा. आईंचा फोन त्याला जोडून बघा आणि कळवा.

माहेरवाशीण | सोमवार, सकाळी ९.३०

जोडला गेला! पहिल्याच प्रयत्नात. आईने लगेच भजन लावलं, आत्ता माझा डेटा वापरून चालू आहे.

मग मी हॉटस्पॉट ‘डब्ल्यूपीए३’वर करून बघितला. आईच्या फोनला तो जोडता आलाच नाही.

तारजोड | सोमवार, सकाळी १०.००

उत्तम, दुसरी चाचणी तुम्ही आपणहून केलीत, त्याने माझं अर्धं काम झालं. फोनचं वायफाय ठणठणीत आहे. त्याला डब्ल्यूपीए२ येतं, डब्ल्यूपीए३ येत नाही. येणारही नाही. अँड्रॉइडमध्ये डब्ल्यूपीए३ आलं ते दहाव्या आवृत्तीपासून, २०१९ मध्ये. डब्ल्यूपीए२ मात्र २००४ पासून आहे.

आता राउटरमध्ये शिरा. लॅपटॉप वायफायला जोडलेला असू दे. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१ टाका. पान उघडलं नाही तर फोनमधल्या वायफायच्या माहितीत ‘गेटवे’समोर जो आकडा असेल तो टाका. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड डब्याच्या पाठीमागच्या स्टिकरवर असतात. तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, यात बरेच जण गोंधळतात.

आत ‘डब्ल्यूलॅन’ किंवा ‘वायरलेस’ असा भाग असेल. काहीही बदलण्यापूर्वी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा, ही माझी फार आग्रहाची सूचना आहे. मग ‘सिक्युरिटी मोड’ आणि ‘एन्क्रिप्शन’समोर काय लिहिलंय ते इथे सांगा. आणखी एक ओळ शोधा: ‘पीएमएफ’, ‘मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन’ किंवा ‘८०२.११डब्ल्यू’. कधी ती ‘ॲडव्हान्स्ड’च्या आत लपलेली असते.

माहेरवाशीण | सोमवार, दुपारी १२.४५

शिरले. फोटो काढून ठेवले, सात पानं आहेत. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीकडे सारखंच आहे.

सिक्युरिटी मोड: डब्ल्यूपीए२-पीएसके/डब्ल्यूपीए३-एसएई.
एन्क्रिप्शन: एईएस.
पीएमएफ खरंच ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये सापडलं. तिथे ‘रिक्वायर्ड’ आहे. बाकीचे दोन पर्याय ‘कॅपेबल’ आणि ‘डिसेबल्ड’.

पण मोडमध्ये डब्ल्यूपीए२ आहेच की. मग आईचा फोन का नाही चालत?

तारजोड | सोमवार, दुपारी १.३०

तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर त्या ‘रिक्वायर्ड’मध्ये आहे.

फोन आणि राउटर एकमेकांशी दोन प्रकारचं बोलतात. एक म्हणजे तुमचा मजकूर: व्हिडिओ, संदेश, बँकेचा व्यवहार. तो एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे दुसऱ्याला वाचता येणार नाही अशा रूपात जातो. दुसरं म्हणजे कारभाराचे निरोप: ‘जोडणी तोड’, ‘बाहेर हो’ वगैरे. जुन्या पद्धतीत हे निरोप उघडे जायचे आणि त्यांवर सहीशिक्का काही नसायचा. त्यामुळे बाहेरचा कुणीही राउटरच्या नावाने ‘बाहेर हो’ असा खोटा निरोप पाठवून तुमचा फोन नेटवर्कवरून पाडू शकत होता. ते रोखायला २००९ मध्ये ८०२.११डब्ल्यू हे मानक आलं. त्यालाच पीएमएफ म्हणतात. डब्ल्यूपीए३ साठी ते सक्तीचं आहे.

आता तुमचा मोड मिश्र आहे: ज्याला डब्ल्यूपीए३ येतं त्याने डब्ल्यूपीए३ ने यावं, ज्याला येत नाही त्याने डब्ल्यूपीए२ ने यावं. पण त्यावर पीएमएफ ‘रिक्वायर्ड’ केलं की राउटर सगळ्यांनाच ती अट घालतो. आईंच्या फोनला पीएमएफ येत नसावं. तो डब्ल्यूपीए२ ने दार वाजवतो आणि राउटर पासवर्ड विचारण्याआधीच परत पाठवतो. मिश्र मोडमध्ये ही जागा ‘कॅपेबल’वरच असायला हवी, नाहीतर मिश्र ठेवण्याला अर्थच राहत नाही. बसवणाऱ्याने मुद्दाम केलं नसेल, पुष्कळदा डबा तसाच भरून येतो.

करायचं एवढंच: दोन्ही पट्ट्यांवर पीएमएफ ‘कॅपेबल’ करा आणि सेव्ह करा. नवे फोन डब्ल्यूपीए३ आणि पीएमएफसकटच जोडले जातील, त्यांची सुरक्षा कमी होत नाही. आईंचा फोन डब्ल्यूपीए२ ने येईल.

दोन गोष्टी मात्र करू नका. ‘डिसेबल्ड’ करू नका, त्याने डब्ल्यूपीए३ बंद पडेल. आणि एन्क्रिप्शनमध्ये ‘टीकेआयपी’ किंवा ‘टीकेआयपी+एईएस’ दिसलं तर त्याला हात लावू नका. जुना फोन म्हणून जुनं एन्क्रिप्शन हवं असं लोकांना वाटतं, पण २०१८ च्या फोनला एईएस उत्तम चालतं. टीकेआयपी ही २००३ मधली तात्पुरती सोय होती. त्यावर जोडलेल्या फोनचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही आणि आयफोन तर ‘वीक सिक्युरिटी’ असा इशारा देतो.

माहेरवाशीण | सोमवार, दुपारी २.०५

तारजोड दादा, जोडला गेला!! सेव्ह केल्यावर वायफाय मिनिटभर गेलं. परत आलं तेव्हा आईच्या फोनवर मी काहीही न करता ‘कनेक्टेड’ दिसलं. माजघरात झोपाळ्यावर बसून तिने दादाला फोन लावला. तो ऑफिसात होता तरी उचलला त्याने.

चार दिवस मी पासवर्डच टाकत बसले होते. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

दुपारचा_चहा | सोमवार, संध्याकाळी ६.२०

धागा सकाळपासून वाचतोय, माझीही अडचण इथेच विचारतो. माझं उलटं आहे. ठाण्याला राहतो. राउटर जुना, पण फोन नवा कोरा. घेऊन दोन दिवस झाले, घरच्या वायफायला जोडला जात नाही. जुना फोन जोडला जातो, शेजाऱ्यांकडे नवाही जोडला जातो. राउटर बसवणाऱ्याने त्या वेळी ‘आपल्या फोनांशिवाय दुसरा कुणी घुसणार नाही’ म्हणून यादी केली होती. त्या यादीत नव्या फोनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, मी खोक्यावर बघून टाकला, तरीही नाही.

तारजोड | सोमवार, रात्री ८.४०

दुपारचा_चहा, ती यादी म्हणजे मॅक फिल्टर, आणि तिथेच घोळ आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक ॲड्रेस सांगत नाही. प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनावट पत्ता तयार करून तो सांगतो. दुकानं, मॉल, स्थानकं इथल्या वायफायना तुम्ही कुठे कुठे फिरलात याचा माग काढता येऊ नये म्हणून. खोक्यावरचा पत्ता खरा आहे, पण राउटरला तो दिसतच नाही.

ओळखायची खूण सांगतो. मॅक ॲड्रेसमधलं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट. फोनमध्ये त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’ असेल. तिथे ‘डिव्हाइस मॅक’ निवडा, किंवा तिथे दिसणारा पत्ता यादीत टाका.

पण माझं स्पष्ट मत विचाराल तर ते फिल्टर बंदच करा. मॅक ॲड्रेस हवेतून उघडाच जातो. ज्याला घुसायचं आहे तो तुमच्या एखाद्या फोनचा पत्ता ऐकून तोच आपल्या यंत्राला लावतो, त्याला दोन मिनिटं पुरतात. अडतात ती घरचीच माणसं. नाव लपवायच्या सेटिंगचंही तसंच. फोन ते नाव हाका मारत शोधत फिरतो, त्यामुळे लपत तर काही नाहीच. राखण करतो तो चांगला पासवर्ड आणि एईएस.

दुपारचा_चहा | सोमवार, रात्री ९.१५

दुसरं चिन्ह ‘ए’ होतं! फिल्टर बंद केलं, फोन जोडला गेला. मनापासून आभार.

सातासमुद्रापलीकडून | मंगळवार, सकाळी ८.००

याच प्रकारातला एक अनुभव लिहून ठेवतो, कुणाला उपयोग होईल. आम्ही न्यू जर्सीला असतो. गेल्या दिवाळीत नाशिकला आलो तेव्हा बायकोच्या फोनला आईकडचं वायफाय यादीतच दिसेना. माझ्या फोनला दिसायचं, तिच्या नाही. शेजाऱ्यांची सगळी दिसायची.

राउटरने २.४ गिगाहर्ट्झवर ‘ऑटो’मध्ये तेरावा चॅनल (त्या पट्ट्याचा एक भाग) निवडला होता. भारतात १ ते १३ चालतात, अमेरिकेत ११ पर्यंतच वापरतात. तिथून घेतलेले काही फोन बारावा-तेरावा बघतच नाहीत. चॅनल सहावर पक्का केला आणि नाव दिसलं. हे सेटिंग सुरक्षेचं नाही, पण नावच दिसत नसेल तर सुरक्षेत हात घालण्याआधी चॅनल बघावा.

माहेरवाशीण | मंगळवार, सकाळी ११.१०

तारजोड दादा, परत आले. फोन जोडलेला आहे पण मधेच तुटतो. काल रात्री दादाशी बोलताना तीनदा तुटला. दोन-चार सेकंद जातो आणि आपोआप येतो, पण तेवढ्यात व्हिडिओ कॉल बंद पडतो. आईला वाटतं तिच्याकडूनच काही दाबलं गेलं. माझा फोन शेजारीच असतो, तो कधीच तुटत नाही.

एक गोष्ट लक्षात आली. आज सकाळी घड्याळ लावून बसले. ९.१२, ९.२२, ९.३२. बरोबर दहा मिनिटांनी.

तारजोड | मंगळवार, दुपारी १.००

घड्याळ लावून बसलात हे फार बरं केलंत. रेंज कमी असती तर तुटणं अनियमित असतं. इतकं नेमाने तुटतंय म्हणजे राउटर दर दहा मिनिटांनी काहीतरी करतोय.

पासवर्डवरून प्रत्येक फोनची स्वतःची एक गुप्त किल्ली बनते. शिवाय घरातल्या सगळ्या यंत्रांना मिळून एक सामाईक किल्ली असते, सर्वांना एकदम उद्देशून जाणाऱ्या निरोपांसाठी. ती राउटर ठरावीक वेळाने बदलतो आणि प्रत्येक फोनला नवी देतो. फोनने ‘मिळाली’ असं उत्तर द्यायचं असतं. जुना फोन त्या क्षणी स्क्रीन किंवा बॅटरी वाचवायच्या नादात असेल आणि उत्तराला उशीर झाला, की राउटर त्याला बाहेर काढतो.

त्याच ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर ‘ग्रुप की अपडेट’ किंवा ‘रीन्यूअल इंटरव्हल’ असं काही शोधा. ६०० आकडा असेल असा माझा अंदाज आहे, सेकंदांमध्ये. तो ३६०० करा. दर तासाला किल्ली बदलली तर घरासाठी भरपूर आहे. फोनमध्ये ‘स्लीपमध्ये वायफाय चालू ठेवा’ हे ‘नेहमी’वर ठेवा.

माहेरवाशीण | मंगळवार, दुपारी ३.२५

६०० च होता. ३६०० केला. दीड तास झाला, एकदाही तुटला नाही. लक्ष ठेवते.

शेवगा | मंगळवार, दुपारी ४.००

एक शंका. डब्ल्यूपीए२ मध्येच मोठी फट सापडली होती ना काही वर्षांपूर्वी? मग आईंचा फोन त्यावर ठेवणं कितपत बरं?

तारजोड | मंगळवार, रात्री ९.३०

रास्त शंका आहे, आणि ताईंनी हे वाचावंच.

ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमचे संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी ‘क्रॅक’ नावाची फट जाहीर केली. मी वर चार निरोपांची देवाणघेवाण म्हटलं ना, त्यातला तिसरा निरोप पुन्हा पाठवून फोनला वापरलेली किल्लीच परत वापरायला लावता येत होती. ती दुरुस्त करता आली. अँड्रॉइडच्या नोव्हेंबर २०१७ च्या सुरक्षा दुरुस्तीत तिचा इलाज आला. ताई, आईंच्या फोनमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये ‘सिक्युरिटी पॅच लेव्हल’ बघा. तारीख डिसेंबर २०१७ किंवा त्यानंतरची असेल तर ही चिंता नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डब्ल्यूपीए२ मध्ये कुणी बाहेर उभं राहून ते चार निरोप टिपले, तर घरी जाऊन संगणकावर निवांत एकेक पासवर्ड लावून बघू शकतो. डब्ल्यूपीए३ मध्ये ते करता येत नाही, त्याला प्रत्येक अंदाजासाठी राउटरपाशीच यावं लागतं. म्हणजे आईंसाठी डब्ल्यूपीए२ चालू ठेवायचं तर पासवर्ड अंदाजाने सापडणार नाही असा हवा. आमच्याकडे दहांतल्या निम्म्या घरांत तो मालकाचा मोबाइल नंबर असतो, हे मी स्वतःच्या कामातून सांगतो. नुसते दहा आकडे, त्यातही पहिला ६ ते ९ मधला. असा पासवर्ड शोधणं आजच्या संगणकाला फार वेळाचं काम नाही.

पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द घ्या आणि रोमन लिपीत सलग लिहा. उंबरा, ताक, सायकल, चिंच अशा जातीचे, पण हे नव्हेत, तुमच्या मनातले. देवनागरीत किंवा रुपयाचं चिन्ह घालून लिहू नका, ते सगळ्या फोनांना जमत नाही. आईंना तो एकदाच टाकायचा आहे, लक्षात ठेवायचा नाही.

आणि त्याच पानावर ‘डब्ल्यूपीएस’ (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने फोन जोडायची सोय) चालू असेल तर पिनची सोय बंद करा. तो पिन ८ आकडी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्यांवरून ठरतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो. हे २०११ मध्येच दाखवून दिलं गेलंय, तरी आजही अनेक डब्यांत तो चालू असतो.

ओसरी | मंगळवार, रात्री १०.१०

मी परवा पासवर्ड काढा म्हटलं होतं, ते चुकीचं होतं. सानपाडा_ते_सासवड यांचा प्रतिसाद वाचून आज आमच्या घरचं बघितलं. पासवर्ड वडिलांचा मोबाइल नंबरच होता. बदलला. डब्ल्यूपीएसही बंद केलं.

माहेरवाशीण | बुधवार, सकाळी १०.४०

आईच्या फोनचा पॅच मार्च २०१९ चा निघाला, हायसं वाटलं. आमचाही पासवर्ड बाबांचा जुना नंबरच होता, त्यांनी स्वतः ठेवलेला. बदलताना थोडं जड गेलं. आईला सांगितलं तेव्हा तिनेच शब्द सुचवले, पाच. टीव्ही धरून सहा यंत्रांत नवा टाकला.

राउटरच्या पानांचे बदलानंतरचे फोटो पुन्हा काढले आणि छापून डब्याजवळच्या कपाटात ठेवले. वरती ठळक लिहिलं: ‘पीएमएफ कॅपेबल, एईएस, ग्रुप की ३६००’. उद्या कुणी येऊन डबा रिसेट केला तर वहिनी ते बघून परत करू शकेल. तिच्याकडून एकदा करवूनही घेतलं.

माहेरवाशीण | पुढचा बुधवार, रात्री १०.५०

पुण्याला परत आले. काल मिरजेत वळवाच्या पावसात दोन तास वीज गेली होती. आली तेव्हा घरात आई एकटीच होती. मी इकडे जीव मुठीत धरून होते की फोन परत जोडला जातो की नाही.

साडेनऊला माझ्या फोनवर तिचा व्हिडिओ कॉल आला, माजघरातून. शेजारच्या चौकोनात दादा होता. डॉक्टरांनी काळा चष्मा काढायला सांगितलाय. तिने फोन डोळ्याच्या इतका जवळ धरला होता की आम्हा दोघांना नुसती पापणी दिसत होती. दादा म्हणाला, लाली गेलीय.